वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा आला कुठून

1890 ला पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून मोठमोठ्या पुढाऱ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा खटला आला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली, हे शाळेपासून ऐकलेलं आहे, त्यामुळे ते सोडून पुढे जाऊ.

खरा घोळ 1949 चा आहे. त्या वर्षी मुंबई राज्याने माणसाला समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली, त्याला दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 मतांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्माची शिस्त राखायला बहिष्कार लागतो, तो राज्यघटनेच्या कलम 26 खालचा, धर्मपंथांना आपला कारभार बघण्याचा अधिकार, असं बहुमताचं म्हणणं. विरोधात गेले एकटे सरन्यायाधीश, आणि माझ्या मते बरोबर तेच होते. कारण समाजातून काढलेल्या माणसाची फक्त प्रार्थनेची जागा जात नाही, दफनाची जागापण जाते, नातीगोती जातात. वाद होता एका पंथाचा, पण कायदाच गेला म्हटल्यावर जातपंचायतीविरुद्ध थेट वापरता येईल असं हत्यार महाराष्ट्रात 2017 पर्यंत नव्हतं. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न 2023 ला 9 न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे गेलाय.

आता वाळीत टाकणं म्हणजे नेमकं काय, तर रायगडकडे गावकी बसते, दंड सांगते, नाही भरला की दुसऱ्या दिवसापासून दुकानात मीठ मिळत नाही, चक्कीवाला दळण घेत नाही, लग्नाची पत्रिका येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही आणि जो बोलेल त्यालाही दंड. कागदावर एक अक्षर नसतं. पोलीस आले की सगळे म्हणतात आम्ही कुठे काय केलं, आम्ही फक्त बोलत नाही.

2013 मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानेच मारलं, मागे जातपंचायतीचा दबाव होता हे बाहेर आलं, मग ठिकठिकाणचे लोक तक्रारी घेऊन पुढे आले. 2016 ला विधिमंडळाने वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला, जुलै 2017 पासून तो लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात तोंडी बहिष्कारही धरलाय, हे फार चांगलं झालं. पण व्याख्या आपल्याच समाजातल्या माणसाला टाकण्याची आहे, अख्ख्या गावाने दलित वस्तीचं दुकान-पाणी तोडलं तर ते ॲट्रॉसिटीखाली जातं. तक्रार लिहून घेताना ठाण्यात इथेच गोंधळ होतो आणि तोवर त्या घराचं दळण बंदच असतं.