तीन प्रवाशांनी सांगितलेला आकडा

जानेवारी २०२०च्या मध्यावर चीनच्या वुहान शहरातल्या नव्या न्यूमोनियाचे, म्हणजे पुढे ज्याला कोविड म्हटलं गेलं त्याचे, अधिकृत रुग्ण होते ४१. एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहरात ४१ म्हणजे किरकोळच. पण त्याच सुमारास थायलंडमध्ये दोन आणि जपानमध्ये एक असे तीन रुग्ण सापडले, आणि तिघेही वुहानहून आलेले होते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या साथरोग अभ्यासकांना हे दोन आकडे एकमेकांशी जुळेनात. आत फक्त ४१ रुग्ण असतील, तर बाहेर तीन कसे निघाले?

त्यांनी मांडलेलं गणित मुळात त्रैराशिकाच्या फार पलीकडचं नाही. वुहानच्या विमानतळावरून रोज सरासरी ३,३०१ प्रवासी परदेशी जात. त्या विमानतळावर अवलंबून असलेली लोकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाख. लागण झाल्यापासून आजार ओळखला जाईपर्यंत दहा दिवस धरले, तर तेवढ्या काळात ३३,०१० माणसं देशाबाहेर जातात, म्हणजे साधारण ५७५ माणसांमागे एक. बाहेर सापडलेले तीन असतील, तर आत त्यांच्या ५७५ पट, सुमारे १,७२५ बाधित असायला हवेत. १७ जानेवारीला आलेल्या त्यांच्या अहवालातला आकडा होता १,७२३. तीन रुग्णांवर उभा केलेला अंदाज डळमळीत असणारच. त्यांनी स्वतःच ४२७ ते ४,४७१ असा ऐसपैस पल्ला दिला होता. पण त्याची खालची कड घेतली तरी ती अधिकृत आकड्याच्या दसपट भरत होती.

साथीच्या पहिल्या दिवसांत बातमीत जो आकडा येतो, तो बाधितांचा नसतो. ज्यांची चाचणी झाली आणि जे त्यात सापडले, त्यांचा असतो. चाचणीचं किटच पुरेसं तयार नसतं, डॉक्टरांना काय शोधायचं ते नीट ठाऊक नसतं आणि सौम्य आजारी माणूस घरीच बरा होतो. परदेशात उतरलेला प्रवासी मात्र दुसऱ्या, सावध झालेल्या यंत्रणेच्या नजरेला पडतो. तो जसा विषाणू घेऊन येतो, तशी तिथली खबरही घेऊन येतो. प्रवासबंदीवर वाद घालताना प्रवाशाची ही दुसरी बाजू सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

सामान्य माणसाचा प्रश्न अर्थातच वेगळा असतो: तिकीट काढून ठेवलंय, जाऊ की नको? उत्तरासाठी तो आधी बघतो मृत्यूचं प्रमाण, आणि नेमका तोच आकडा सुरुवातीला सर्वांत फसवा असतो. एकीकडे गंभीर रुग्णच आधी नजरेत येतात, त्यामुळे आजार आहे त्याहून घातक वाटतो. दुसरीकडे आज खाटेवर असलेल्यांपैकी काही जण पुढे दगावणार असतात, त्यांची गणती अजून झालेली नसते, त्यामुळे तो आहे त्याहून सौम्यही वाटू शकतो. २००९च्या स्वाइन फ्लूमध्ये पहिला प्रकार घडला. मेक्सिकोतल्या रुग्णालयांत तरुण माणसं न्यूमोनियाने दगावत असल्याचं आधी दिसलं, आणि घरी बरे झालेले असंख्य लोक नंतर लक्षात आले. २००३च्या सार्समध्ये, म्हणजे नव्या विषाणूने आणलेल्या गंभीर श्वसनरोगाच्या साथीत, उलट झालं. सुरुवातीला शंभरात चारच्या आसपास वाटलेलं प्रमाण अखेरीस साडेनऊच्या वर गेलं: ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू.

त्यामुळे लोक घाबरतात याचं मला नवल वाटत नाही. धोका अनोळखी असेल आणि आपल्या हाताबाहेरचा वाटत असेल, तर तो जास्त छळतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ सालीच मांडलं होतं. नवा विषाणू या दोन्ही कसोट्यांना उतरतो. लोक मग सरकारी आदेशाची वाट बघत नाहीत, आपणहून तिकिटं रद्द करतात. २००९मध्ये मेक्सिकोला ये-जा करणाऱ्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. साथ त्यामुळे किती लांबली? नंतरच्या गणिती अभ्यासाचं उत्तर होतं, तीन दिवसांहूनही कमी.

हे उत्तर पचायला जड जातं, कारण आपल्या डोक्यात जगाचा नकाशा असतो आणि साथ त्यावर शाईच्या डागासारखी पसरेल असं आपण धरून चालतो. घोड्यांच्या आणि गलबतांच्या काळात ती बरीचशी तशी पसरायचीही. २०१३ साली डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेल्बिंग यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की किलोमीटर बाजूला ठेवून दोन ठिकाणांमधलं अंतर विमानप्रवाशांच्या वर्दळीवरून मोजलं, तर साथीच्या आगमनाचा क्रम बराच सरळ रेषेत बसतो. ज्या दोन शहरांमध्ये रोज हजारोंची ये-जा असते, ती विषाणूच्या लेखी शेजारी, भले मधे महासागर असो. आणि शंभर किलोमीटरवरचं आडबाजूचं गाव दूरचं.

हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात हे फार जवळून बघायला मिळतं. २१ फेब्रुवारी २००३ रोजी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले ६४ वर्षांचे एक डॉक्टर तिथे नवव्या मजल्यावर उतरले. ते आधीच सार्सने आजारी होते. त्यांनी तिथे एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. पण तोवर त्याच मजल्यावरच्या इतर पाहुण्यांना लागण होऊन गेली होती. त्यांच्यापैकी कुणी हनोईला गेलं, कुणी सिंगापूरला, कुणी थेट टोरांटोला, आणि या तिन्ही शहरांत रुग्णालयांतून साथ भडकली. डॉक्टरांची या पाहुण्यांशी भेट किंवा बोलणं झाल्याचं कुठे आढळलं नाही. पुढे तपास करणाऱ्यांना त्या खोलीबाहेरच्या गालिच्यात आणि लिफ्टजवळ विषाणूच्या खुणा मिळाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने जगाला सावध केलं ते १२ मार्चला. म्हणजे जगाला खबर लागण्याआधी विषाणूला जवळजवळ तीन आठवडे मोकळे मिळाले होते.

त्यानंतर विमानतळांवर अंगातला ताप टिपणारे थर्मल कॅमेरे आले. वाहिन्यांना ते फार आवडतात, पडद्यावर लाल-पिवळी माणसं चालताना दिसतात. कॅनडाने सार्सच्या काळात प्रवाशांच्या सुमारे ६५ लाख तपासण्या केल्या. सुमारे ९,१०० जणांना बाजूला घेऊन पुन्हा तपासलं. त्यांत सार्सचा रुग्ण एकही निघाला नाही. टोरांटोत ज्या प्रवाशापासून साथ सुरू झाली, तो तपासणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी घरी पोचला होता.

ताप मोजून साथ अडवायची, तर आधी ताप यायला हवा आणि संसर्ग त्यानंतर पसरायला हवा. सार्समध्ये हा क्रम माणसाच्या बाजूने होता. रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य व्हायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तोवर तो खाटेला खिळलेला असायचा. म्हणूनच रुग्ण शोधून वेगळे ठेवण्याचा जुनाच उपाय पुरला आणि ५ जुलै २००३ रोजी साथ आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. ते श्रेय कॅमेऱ्यांचं नव्हतं. कोविडमध्ये क्रम उलटला. लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागत आणि त्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना लागण देऊ लागे. काहींना तर लक्षणं येतच नसत. २०२०च्या सुरुवातीलाच लंडनच्या एका गटाने हिशेब मांडला, की निघताना आणि उतरताना अशी दोनदा तपासणी केली तरी १०० बाधित प्रवाशांपैकी सुमारे ४६ सुटून जातील. तापाची गोळी घेऊन रांगेत उभे राहणारे यात धरलेले नाहीत.

विमानात बसल्यावर काय, ही भीतीही खरीच. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचं आहे. १९७७ साली अलास्कात ५४ जणांचं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे तीन तास खोळंबलं. हवा खेळवणारी यंत्रणा त्या वेळात बंद होती. प्रवाशांपैकी एकीला फ्लू होता. तीन दिवसांच्या आत ७२ टक्के लोक फ्लूने आजारी पडले. आजच्या बहुतेक मोठ्या विमानांत आतली हवा दर काही मिनिटांनी बदलते आणि फेरवापराची हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून जाते. यंत्रणा चालू असेल तर धोका मुख्यतः आसपासच्या रांगांपुरता उरतो. बस, रांगा आणि प्रतीक्षाकक्ष यांच्याबद्दल मात्र तेवढी खात्री देता येत नाही.

मग विमानंच बंद केली तर? इथे कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, साथ दर तीन दिवसांनी दुप्पट होते आहे. येणाऱ्या प्रवाशांत ८० टक्के कपात केली, म्हणजे येणारे बाधित पाचपट कमी झाले. पण उगमाच्या ठिकाणी साथ वाढतेच आहे, आणि पाचपट वाढायला तिला दोन दुपटींहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे सात दिवस पुरतात. सात दिवसांनी येणाऱ्या बाधितांची संख्या पुन्हा जैसे थे. कपात ९० टक्के केली तर दहा दिवस मिळतात. ९९ टक्के केली, जे जवळपास अशक्यच, तरी वीस. कपातीचा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो आणि हाती पडतात मोजके दिवस, कारण भागाकार एकदाच होतो, गुणाकार मात्र चालूच राहतो. आणि यातही विषाणू आधीच आत शिरलेला नाही असं धरलं आहे.

वुहानच्या बाबतीत तो शिरलेला होता. २३ जानेवारी २०२० रोजी शहर बंद झालं. त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार चीनच्या बाकी भागात साथ त्यामुळे फक्त तीन ते पाच दिवस मागे पडली, कारण इतर शहरांत तिने आधीच पाय रोवले होते. परदेशांत जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले. याच अभ्यासातला एक निष्कर्ष फारसा कुणी वाचला नाही: प्रवासात ९० टक्के कपात केली तरी, देशांतर्गत प्रसार निम्म्याहून खाली आणला नाही तर तिचा उपयोग किरकोळ. बंदीने मिळणारे दिवस खाटा, चाचण्या, प्राणवायू यांची सोय करायला वापरले तर मोलाचे. पत्रकार परिषदा घेण्यात घालवले तर काय, याची उदाहरणं देत बसत नाही.

बंदी पूर्णपणे फळली असंही एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १९१८मध्ये ऑकलंडहून निघालेलं 'टालून' जहाज पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआत पोचलं आणि फ्लूने तिथली सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मारली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी जहाजांना कडक अटकाव केला होता. तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. फरक कशात होता ते उघड आहे. बेट, मोजकी जहाजं, विषाणू येण्याआधीच घातलेली आणि एकालाही सूट न देणारी बंदी. यातली एक अट निसटली की आपण पुन्हा सात, दहा, वीस दिवसांच्या हिशेबात येतो.

ओमिक्रॉनच्या वेळी बहुतेक अटी निसटल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या विषाणूचा हा नवा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेला कळवला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी. दोनच दिवसांत त्याला नाव मिळालं आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडून येणारी विमानं देशोदेशी थांबू लागली. २६ नोव्हेंबरला ॲमस्टरडॅमला उतरलेल्या दोन विमानांतल्या सुमारे ६०० प्रवाशांपैकी ६१ बाधित निघाले, त्यांत किमान १४ जणांना ओमिक्रॉन होता. बंदीचं समर्थन करायला हे पुरेसं वाटलं. पण काही दिवसांतच नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांना १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन सापडला. दक्षिण आफ्रिकेने तोंड उघडण्याआधीच तो तिथे पोचलेला होता.

विमानं थांबल्याचा आणखी एक परिणाम झाला. विषाणूचा जनुकीय क्रम वाचून त्याचा प्रकार ओळखायला लागणारी रसायनं विमानानेच येत. जगाला ज्यांनी सावध केलं, त्याच शास्त्रज्ञांना ती संपण्याची चिंता पडली. २००७पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम देशांवर अशी घटना २४ तासांत कळवण्याचं बंधन घालतात, आणि प्रवासात विनाकारण आडकाठी नको असंही सांगतात. पहिलं पाळणाऱ्याला दुसरं मोडून शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी कोण लगबगीने कळवेल?

प्रवाशाला बातमीदार म्हणून वापरण्याचा एक मार्ग अलीकडे रुळू लागला आहे. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ब्रिटन, फ्रान्स आणि नेदरलँड्सहून येणाऱ्या विमानांच्या शौचालयांतलं सांडपाणी तपासलं. विमान उतरल्यावर टाकी रिकामी करणारी गाडी नळी जोडते. तिथेच एक उपकरण लावून सुमारे लिटरभर नमुना काढून घ्यायचा, एवढंच काम. ८० नमुन्यांपैकी ६५मध्ये कोविडचा विषाणू मिळाला. २५ नमुन्यांमधून जनुकीय क्रमही वाचता आले, आणि ते सगळे ओमिक्रॉनच्याच कुळातले होते. कुणाला रांगेत उभं करावं लागलं नाही आणि कुणाचं नावही कळलं नाही. ही पद्धत कुणाला अडवत नाही, फक्त कोणत्या दिशेने काय येतं आहे ते सांगते. उणिवाही आहेत. छोट्या प्रवासात बरेच जण शौचालयाकडे फिरकतच नाहीत, आणि मधल्या विमानतळावर विमान बदलून आलेला माणूस मुळात कुठून निघाला, हे टाकीतल्या पाण्यावरून ओळखता येत नाही.