कट्टी, बट्टी आणि सायकलची चेन

काही महिन्यांचं बाळ खुर्चीत टेकवून बसवलंय. समोर आई. दोघांचं नेहमीचं चाललंय: ते हुंकारतं, ती ‘हो का रे?’ म्हणते, ती भुवया उडवते, ते पाय झाडतं. मग आई क्षणभर तोंड फिरवते आणि पुन्हा वळते तेव्हा तिचा चेहरा कोरा असतो. हसू नाही, राग नाही, शब्द नाही. नजर मात्र बाळावरच. दोन मिनिटं असंच बसायचं, एवढंच तिला सांगितलेलं असतं.

बाळ आधी हसून बघतं. आजवर हा उपाय कधी वाया गेलेला नाही. जरा थांबून पुन्हा हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होईना म्हटल्यावर मान वळवतं, चोरून एकदा बघतं, खुर्चीत कलंडतं, स्वतःचीच बोटं चोखू लागतं. काही बाळं सरळ भोकाड पसरतात. या वेळात त्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात, हेही नंतर मोजलं गेलं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांचा हा प्रयोग. त्यावरचा शोधनिबंध १९७८ साली आला. अलीकडे काही संशोधकांनी कोऱ्या चेहऱ्याऐवजी आईच्या हातात मोबाइल दिला. बाळं तेव्हाही कावरीबावरी झाली. ट्रॉनिक यांच्या प्रयोगाचा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. आज आपण किती वेळा ‘कोऱ्या’ झालो याचा हिशेब मी रात्री पडल्यापडल्या मांडत बसले. अशी झोप उडालेल्या आया पुष्कळ असणार.

खरं तर ट्रॉनिक यांच्या कामातली जास्त मोलाची गोष्ट दुसरीच आहे, आणि ती व्हिडिओत दिसत नाही. आई-बाळाच्या साध्या खेळाचं चित्रीकरण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंद-सेकंदाने तपासलं. चांगल्या, प्रेमळ जोड्यांचे सूर जुळलेले असतात ते किती वेळ? सुमारे ३० टक्के. उरलेला वेळ चुकामूक. बाळाला खेळायचंय, आई नाक पुसतेय. आईला हसवायचंय, बाळाला पंख्याकडे बघायचंय. पण ही चुकामूक बहुतेकदा काही सेकंदांत निस्तरली जाते आणि दोघं पुन्हा एकमेकांना सापडतात. दिवसभरात असं असंख्य वेळा होतं. बिनसतं आणि परत जमतं, शिवाय ते जमवण्यात आपलाही हात असतो, हे बाळ यातूनच शिकतं. शाळेच्या मैदानावर यालाच कट्टी आणि बट्टी म्हणतात.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षाच्या आसपासच्या मुलांसाठी एक चाचणी बसवली. अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल किती रडतं, याला त्यांनी फार महत्त्व दिलं नाही. आई परत आल्यावर ते काय करतं, हे त्यांनी पाहिलं. तिला बिलगून शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं, की तिच्याकडे पाठ फिरवतं, की कडेवर घेऊनही लाथा झाडतं? इथेही परीक्षा बट्टीचीच. (आजी, आत्या, काकू अशा चार मांड्यांवर वाढणाऱ्या मुलाला ही खोली नीट मोजू शकते का, हा आक्षेप अनेकांनी घेतलाय आणि मला तो पटतो.)

पण बट्टी व्हायला समोर कोणीतरी हवं. रोमानियातल्या अनाथालयांत तेच नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ बाळांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या मुलांना पालक कुटुंबांत पाठवलं गेलं. ती मुलं सावरली. जी साधारण दोन वर्षांच्या आत घरात पोहोचली, ती जास्त सावरली.

मूल मोठं झालं की नुसत्या चेहऱ्याने भागत नाही. पाचवीत असताना सहलीचे पैसे हरवले म्हणून बाबांनी पाहुण्यांदेखत माझ्या कानाखाली दिली होती. पैसे संध्याकाळी त्यांच्याच शर्टाच्या खिशात सापडले. ते काही बोलले नाहीत. शिवणयंत्राच्या तेलाची डबी घेऊन ओट्यावर बसले आणि माझ्या सायकलच्या चेनला तेल घालत राहिले, दिवेलागण होईपर्यंत. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत माफी अशीच मागितली जायची. कुठे ‘जेवून घे’ म्हणून, कुठे ताटात जास्तीचं तूप वाढून. दहाव्या वर्षी मला ते पुरलं असावं. सोळाव्या वर्षी मात्र मला शब्द हवे होते, आणि ते मिळाले नाहीत म्हणून मी पुढे बरीच वर्षं धुमसत होते.

अशा धुमसण्याचं काय होतं, ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एका मुलाखतीतून शोधलं. तासाभराची मुलाखत. आईशी असलेल्या नात्याला पाच विशेषणं द्या, मग प्रत्येकाला बालपणातला एकेक प्रसंग सांगा. वडिलांबद्दलही तेच. गंमत इथे आहे. ‘आई म्हणजे देवमाणूस.’ एखादी आठवण? ‘तसं विशेष काही नाही.’ किंवा उलट, प्रश्न एक आणि उत्तर वीस मिनिटं, वडील जणू आत्ता दारात उभे आहेत अशा त्वेषाने. बालपण सुखाचं होतं की खडतर, याला गुण नाहीत. सांगणं नीट लागतंय का, विशेषण आणि प्रसंग जुळतात का, यावर सगळा भर. मार खाल्लेला माणूसही तो मार त्याच्या जागी ठेवून बोलू शकतो.

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या अशा मुलाखती घेतल्या आणि बाळं वर्षाची झाल्यावर त्यांना एन्सवर्थ यांच्या चाचणीला बसवलं. बाळ आईशी सुरक्षितपणे बांधलेलं असेल की नाही, म्हणजे ती परत आल्यावर तिला बिलगून शांत होईल की नाही, हा मुलाखतीवरून बांधलेला अंदाज सुमारे ७५ टक्के जोड्यांत बरोबर निघाला, तोही बाळ जन्मायच्या आधी! हा निष्कर्ष १९९१चा. पुढच्या अभ्यासांत हा दुवा इतका घट्ट दिसला नाही, पण दिसला.

हे वाचल्यावर मी माझीच मुलाखत घेऊन पाहिली. बाबांसाठी पहिलं विशेषण सुचलं ‘तापट’. प्रसंग लगेच आठवला, कानाखालीचा. दुसरं विशेषण बराच वेळ सुचेना, मग ‘मायाळू’ लिहिलं. त्यालाही पुरावा तीच संध्याकाळ निघाली.

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा बाबांना विचारलंच. ते आता ८१ वर्षांचे आहेत. सहलीचे पैसे, पाहुणे, थप्पड, सगळं मी न चिडता सांगितलं. चेनला तेल घातलं होतंत ते आठवतं का, म्हटलं. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले.

“चेनला तेल नको होतं तेव्हा,” ते म्हणाले. “आदल्या रविवारीच घातलं होतं.”