पेस रेटिंग (फुटबॉल व्हिडिओ गेम)

फुटबॉल व्हिडिओ गेममधे एखादा खेळाडू किती वेगात पळतो हे सांगणारा आकडा म्हणजे पेस रेटिंग. मुंबईत गेम पार्लरमधे नाहीतर मित्राच्या घरी प्लेस्टेशनवर बसलेली पोरं टीम घेताना ओव्हरऑल (खेळाडूचा एकूण आकडा) नंतर बघतात, पहिला प्रश्न "पेस किती आहे?" हाच असतो, कारण पासिंग कितीही भारी असलं तरी थ्रू बॉल (डिफेंडरच्या मागे मोकळ्या जागेत टाकलेला पास) पडल्यावर मागून येणारा डिफेंडर पुढे निघून गेला की सगळं तिथेच संपतं. ईए स्पोर्ट्सच्या गेममधे (आधी फिफा, २०२३ पासून नाव एफसी) हा आकडा ९९ पर्यंत जातो, फुटबॉल मॅनेजर या दुसऱ्या गेममधे १ ते २० अशी पट्टी आहे.

ईएच्या कार्डावर (खेळाडूचे आकडे जिथे छापलेले असतात) दिसणारा पेस हा मुळात दोन आकड्यांचा मिळून बनतो, स्प्रिंट स्पीड (टॉप स्पीड) ५५ टक्के आणि अ‍ॅक्सलरेशन (वेग पकडण्याची क्षमता) ४५ टक्के. टॉप स्पीड किती आणि तिथपर्यंत पोचायला वेळ किती लागतो, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईकराला हे लोकलवरून पटकन कळेल. चर्चगेट ते मरीन लाईन्स अंतरच इतकं कमी की गाडीचा टॉप स्पीड काय आहे याला तिथे काही अर्थ नाही, गाडी उचलते कशी तेवढंच बघायचं, आणि तीच गाडी फास्ट म्हणून बोरिवलीहून अंधेरीकडे सुटली की मग टॉप स्पीड कामाला येतो. मैदानावरचे बहुतेक स्प्रिंट चर्चगेट-मरीन लाईन्सवालेच असतात, दहा-वीस मीटरचे. बर्लिनला २००९ साली ९.५८ सेकंदात १०० मीटर पळालेल्या उसेन बोल्टलासुद्धा आपला सर्वात जास्त वेग ६० मीटरच्या पुढे मिळाला होता, मग फुटबॉलमधे विंगरला (कडेने हल्ला करणाऱ्याला) तेवढी मोकळी जागा मॅचमधे कितीदा मिळणार? म्हणून ५५-४५ हे वजन उलटं हवं, अ‍ॅक्सलरेशनला जास्त, निदान विंगर आणि फुलबॅक (कडेचा डिफेंडर) यांच्यासाठी तरी.

फिफा २३ मधे यावर एक प्रयत्न झाला. उंची, ताकद आणि चपळाई बघून खेळाडूंचे एक्सप्लोसिव्ह, कंट्रोल्ड आणि लेंथी असे तीन प्रकार केले, म्हणजे बुटका चपळ खेळाडू पहिल्या पावलात सुटणार आणि उंच धिप्पाड खेळाडू (लेंथी) हळू सुरू होऊन लांब पल्ल्यात पकडणार. कल्पना एकदम बरोबर होती पण प्रमाण चुकलं, लेंथी सेंटर बॅक (मधले डिफेंडर) चांगल्या चांगल्या स्ट्रायकरना मागून येऊन गाठायला लागले आणि लोक कार्डावरचा पेस सोडून खेळाडू लेंथी आहे का तेच शोधत बसले. एफसी २४ मधे मग तीनाचे सात प्रकार झाले.

आता आकड्यांमधला फरक किती ठेवायचा हा प्रश्न. टॉटनहॅमच्या मिकी व्हॅन द व्हेनचा जानेवारी २०२४ मधे ताशी ३७.३८ किमी वेग मोजला गेला, प्रीमियर लीगमधे ट्रॅकिंग सुरू झाल्यापासून तोवरचा तो सर्वात जास्त होता. समजा दुसरा एक खेळाडू ३३ ने पळतो. ऐकायला फरक फक्त चार-साडेचारचा, पण मीटरमधे मांडलं तर सेकंदाला १.२ मीटर होतात, म्हणजे दोन सेकंदाच्या पळापळीत जवळजवळ अडीच मीटर, आणि अडीच मीटर मागे पडलेल्या डिफेंडरचा पाय बॉलपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे ९५ आणि ७५ असा मोठा फरक दाखवणं चूक नाही, फक्त गेममधे तो फरक अडीच मीटरच वाटला पाहिजे, दहा मीटर नाही. आणि एकदाच मोजलेल्या विक्रमावर रेटिंग द्यायचं नाही, ऐंशीव्या मिनिटाला सातवा-आठवा स्प्रिंट मारताना वेग किती उरतो तेही धरायला हवं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे बॉल पायात असतानाचा वेग. मोकळं पळणं आणि बॉल घेऊन पळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेस्सीचं मोठेपण याच्यातच आहे की बॉल पायाला चिकटलेला असूनही त्याचा वेग फारसा कमी होत नाही, उलट कितीतरी सुसाट खेळाडू बॉल मिळाला की दर तिसऱ्या पावलाला अडखळतात. कोनामी कंपनीच्या जुन्या प्रो इव्होल्युशन सॉकर या गेममधे यासाठी ड्रिबल स्पीड नावाचा वेगळा स्टॅट (आकडा) होता, आणि पेस रेटिंगमधे आजवर झालेली ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती असं माझं ठाम मत आहे. एफसी २४ पासून रॅपिड नावाची प्लेस्टाईल (खेळाडूला मिळणारी खास क्षमता) आली, तिच्यामुळे बॉलसकट स्प्रिंट करताना वेग जास्त मिळतो, पण ती ठराविक खेळाडूंनाच, बाकीच्यांमधला फरक त्यातून दिसत नाही. ड्रिबल स्पीडचा स्टॅट परत यायला हवा आणि कार्डावर पेसच्या शेजारीच छापायला हवा.

इंडियन सुपर लीग फिफा २२ मधे आली तेव्हा मुंबई सिटी घेऊन खेळता यायला लागलं, अंधेरीच्या स्टेडियममधे बघितलेली टीम स्क्रीनवर आली याचा आनंद वेगळाच होता. आपल्या लीगच्या खेळाडूंचं ओव्हरऑल कमी असतं ते मान्य, पासिंग-शूटिंगची किंमत समोर कोण आहे त्यावर ठरते. वेगाचं तसं नाही. तीस मीटर हे अंधेरीतही तीस मीटर आणि माद्रिदमधेही तीसच. लल्लियनझुआला छांगटे मुंबई सिटीसाठी डावी-उजवीकडून सुटायचा तेव्हा स्टँडमधे लोक बॉल त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच उठून उभे राहायचे, अशा खेळाडूचा पेस घड्याळाने मोजूनच द्यायचा, लीगचं नाव बघून नाही. ईएची रेटिंग्ज ठरवताना जगभरातले मॅच बघणारे स्वयंसेवक मत देतात, पासिंग किंवा पोझिशनिंगसाठी ती पद्धत चांगलीच आहे, पण डोळ्याला वेग फसवतो, छोटी भरभर पावलं टाकणारा जास्त वेगवान वाटतो आणि लांब ढांगा टाकणारा आरामात चाललाय असं वाटतं.