प्रेस्टीज क्लासच्या अटी: फाशांपासून फीटपर्यंत

प्रेस्टीज क्लास म्हणजे भूमिका-खेळात ठरावीक अटी पूर्ण केल्यावरच पात्राला घेता येणारा खास पेशा. त्याच्या अटींवरून वाद पेटला की सगळी बोटं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वळतात. अटी मात्र त्याहून पंचवीस वर्षं जुन्या आहेत. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत पॅलाडिन (धर्मयोद्धा) अवतरला तोच करिष्मा, म्हणजे फाशांनी ठरणाऱ्या सहा गुणांपैकी एक, किमान १७ हवा, ही अट घेऊन. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याचे प्रकार २१६ पैकी ४, म्हणजे चोपन्नात एक. इतकं दुर्मिळ पात्र थोडं वरचढ असलं तर बिघडलं कुठे, असा हा हिशेब. पण त्या टेबलावर तो चोपन्नातला एक येऊन बसला, की शेजारच्या साध्या फायटरला दुर्मिळतेचं काय सांगणार?

१९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’च्या परिशिष्टातल्या बार्डने (भाट) निराळीच वाट धरली. आधी फायटरच्या (योद्धा) किमान पाच लेव्हल, म्हणजे प्रगतीच्या पायऱ्या, मग थीफच्या (चोर) किमान पाच, तेव्हा कुठे बार्ड होता येई. सहाही गुणांवर किमान आकडे होते ते वेगळेच. नाव नव्हतं, पण वस्तू प्रेस्टीज क्लासचीच.

नाव मिळालं २००० साली, तिसऱ्या आवृत्तीच्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये. नशिबाची जागा आता नियोजनाने घेतली. गंमत अशी, की या अटींत लेव्हलचा आकडा थेट लिहिलेला नसे. तो रँकमध्ये, म्हणजे एखाद्या स्किलमधल्या प्रावीण्याच्या आकड्यात, दडवलेला असे. शॅडोडान्सर घ्या. हाइडचे (लपण्याचं स्किल) १० रँक हवेत, आणि क्लास स्किलमध्ये, म्हणजे आपल्या क्लासच्या हक्काच्या स्किलमध्ये, रँकची कमाल मर्यादा लेव्हल अधिक तीन. म्हणजे ‘रोग’ला (चोरट्या कसबांचा क्लास) सातव्या लेव्हलला दार उघडतं. फायटरसाठी हाइड परकं स्किल, मर्यादा निम्मी. निव्वळ फायटर राहून तेच १० रँक गाठायला सतरावी लेव्हल उजाडते. शिवाय डॉज, मोबिलिटी आणि कॉम्बॅट रिफ्लेक्सेस हे तीन फीट, म्हणजे ठरावीक लेव्हललाच निवडता येणाऱ्या खास क्षमता. मानव नसलेल्या रोगला सहाव्या लेव्हलपर्यंत फीट मिळतात तेच तीन. खेळाडू याला ‘फीट टॅक्स’ म्हणू लागले ते उगाच नाही.

माझ्या मते खरी गोची इथेच आहे. टॅक्स एकदाच भरायचा असतो, क्लासची ताकद मात्र शेवटपर्यंत वापरायला मिळते. शिवाय मोहीम दहाव्या लेव्हलपासून सुरू झाली, तर टॅक्स भरतानाचे हाल सोसावेच लागत नाहीत.

२००३च्या ३.५ आवृत्तीतल्या मिस्टिक थर्जने किंमत वेगळ्या पद्धतीने वसूल केली. विझार्डच्या (जादूगार) तीन लेव्हल, क्लेरिकच्या (पुरोहित) तीन, मग प्रवेश. सातव्या लेव्हलला निव्वळ विझार्ड चौथ्या पातळीचे स्पेल टाकतो, तेव्हा थर्जकडे दोन्ही बाजूंचे स्पेल फक्त दुसऱ्या पातळीपर्यंतचे असतात. ही तूट पुढेही त्याची पाठ सोडत नाही. म्हणून मला हा हिशेब जास्त प्रामाणिक वाटतो.

(असॅसिन, म्हणजे मारेकरी, या प्रेस्टीज क्लासची अट सगळ्यांत आठवणीतली: केवळ असॅसिनांत सामील होण्यासाठी कुणाचा तरी जीव घ्यायचा. अशी अट रँकमध्ये कशी मोजणार?)

२००८च्या चौथ्या आवृत्तीने अकराव्या लेव्हलला सगळ्यांनाच पॅरागॉन पाथ, म्हणजे आपल्या क्लासवर चढणारा खास पेशा, देऊन टाकला. २०१४च्या पाचवीत सबक्लास (क्लासच्याच उपशाखा) आले आणि मल्टिक्लासपुरती, म्हणजे एकाहून जास्त क्लास घेण्यापुरती, गुणाचा आकडा किमान १३ हवा ही अट उरली. २०१५मध्ये ‘रून स्क्राइब’ नावाचा एक प्रेस्टीज क्लास चाचणीसाठी बाहेर आला. त्याच्या अटींत ‘लेव्हल ५’ असं सरळ लिहिलं होतं. पुढे तो अधिकृत पुस्तकात काही आला नाही.