दस्त्यातला खुळखुळा

एआर-15 जातीच्या रायफलीच्या दस्त्यात धक्का सोसणारा एक भाग असतो, बफर; तो बाहेर काढून कानाशी हलवला, तर तो चक्क खुळखुळ्यासारखा वाजतो. नवख्याला वाटतं, आत काहीतरी तुटलंय. खरं तर तो वाजतोय म्हणजे धडधाकट आहे. ॲल्युमिनियमच्या त्या बुटक्या नळकांड्यात पोलादाचे सुटे तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये रबराच्या चकत्या. साधा घ्यावा की जड, यावर अमेरिकेतले हौशी नेमबाज तासन्‌तास वाद घालतात. वाद काही ग्रॅमचा असला तरी त्याची सुरुवात व्हिएतनामच्या युद्धात, काडतुसात भरायच्या दारूवरून झाली.

1950च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनर याने एआर-10 घडवली. तिची लहान आवृत्ती म्हणजे एआर-15. नळी, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) आणि खांद्याला टेकणारा दस्ता एकाच रेषेत, ही या रायफलीची खासियत. धक्का सरळ खांद्यात जातो, तोंड फारसं वर उडत नाही. पण त्यासाठी बोल्टला मागे सरकायला जागा दस्त्यातच द्यावी लागली. स्प्रिंगही तिथेच आली, आणि स्प्रिंग व बोल्टला धरून मागेपुढे सरकणारा बोल्ट कॅरियर यांच्यामध्ये बफर. गोळी सुटल्यावर त्याचं वजन कॅरियरला जरा रोखून धरतं, मागच्या टोकाला आदळताना मार सोसतं आणि पुढे परतताना बोल्टच्या पाठीशी उभं राहतं.

पहिला बफर, ज्याला एजवॉटर म्हणत, हलका होता. त्यात एकमेकींवर घासणाऱ्या कड्यांची स्प्रिंग होती आणि सगळा भर मागचा आघात जिरवण्यावर होता. ड्यूपाँटच्या आयएमआर दारूवर बेतलेल्या रायफलीला तो पुरत होता.

1959 मध्ये रायफलीचे हक्क कोल्टकडे गेले. पुढे 1964 मध्ये अमेरिकी लष्कराने या रायफलीसाठी आयएमआरऐवजी गोल कणांची बॉल पावडर भरलेली काडतुसं घ्यायला सुरुवात केली. या दारूमुळे बोल्ट मागे ढकलण्यासाठी नळीतून गॅस जिथे काढून घेतला जातो त्या छिद्रापाशी दाब जास्त येई. परिणामी बोल्ट लवकर उघडू लागला, जोरात मागे जाऊ लागला आणि ऑटोमॅटिकवर मिनिटाला सुटणाऱ्या गोळ्यांचा वेग बराच वाढला. रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, अडकू लागल्या. शिवाय बोल्ट पुढे आदळून किंचित उलटा उसळे. नेमक्या त्या क्षणी हातोडी पडली, तर काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका बसे आणि बार फुसका जाई.

या उसळीवरचा इलाज म्हणजेच तो खुळखुळा. चेंडू आपटला की उसळतो, वाळूची पिशवी आपटली तर जागीच बसते, इतकी साधी युक्ती. कॅरियर आदळून मागे उसळू पाहतो तेव्हा बफरमधली सुटी वजनं अजून पुढेच येत असतात. ती एकामागून एक आदळतात आणि उसळी मारून टाकतात. कोल्टच्या फॉस्टर स्टर्टेव्हंट याच्या नावावर याचं पेटंट आहे. नवा बफर जड असल्यामुळे गोळीबाराचा वेगही उतरला.

1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने या प्रकरणाची चौकशी केली. दारू बदलण्याच्या निर्णयावर तिने कडक ताशेरे ओढले. सैनिकांच्या हाती बॉल पावडरची काडतुसं जात असताना कारखान्यात रायफली पास करताना मात्र आयएमआर वापरायला कोल्टला मुभा होती, हेही तिथे उघड झालं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात याहून लाजिरवाणं काही नव्हतं. एकट्या बफरने सगळं निस्तरलं असंही नाही. चेंबरला क्रोम चढवावं लागलं आणि सफाईचं साहित्यही सैनिकांपर्यंत पोचवावं लागलं.

तोवर रायफल आखूड करायची टूम निघाली होती. अशा आखूड रायफलीचा, म्हणजे कार्बाइनचा, दस्ता मागेपुढे सरकणारा, म्हणून आतली नळी आखूड, म्हणून बफरही आखूड आणि हलका. त्यातच गॅसचं छिद्र नळीच्या मागच्या टोकापासून सुमारे 13 इंचांवरून 8 इंचांच्या आत आलं, म्हणजे दाब आणखी वाढला. जिथे वजन जास्त हवं तिथेच ते कमी झालं! लांबी वाढवता येत नव्हती, तेव्हा पोलादाच्या तीन तुकड्यांच्या जागी टंगस्टनचे तुकडे बसवले. एक बदलला की एच, दोन बदलले की एच-2, तिन्ही बदलले की एच-3. साधा कार्बाइन बफर सुमारे 85 ग्रॅमचा, एच 108च्या आसपास, एच-2 130च्या वर, एच-3 दीडशेच्या घरात. मूळ लांब रायफलीचा बफर जवळपास 145 ग्रॅमचा, म्हणजे एवढी सगळी खटपट करून वजन फिरून तिथेच आलं.

सेमी-ऑटोमॅटिकला मिनिटाच्या गोळ्यांशी काही देणंघेणं नाही. कोल्टने 1964 पासून नागरिकांना विकलेल्या रायफलीत दर गोळीला चाप ओढावाच लागतो. तरी वाद उरतो, कारण स्वस्तातली कमजोर काडतुसंही चालावीत म्हणून कित्येक उत्पादक गॅसचं छिद्र गरजेपेक्षा मोठं ठेवतात. मग बोल्ट धाडकन मागे येतो. जड बफरने तो शांत होतो, पण फार जड घातला तर कमजोर काडतुसावर पुरता मागेच येत नाही. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहायला हवा. तो राहिला नाही, तर वजन जास्त झालं असा संशय घ्यायचा. जाणकार ही पारख आपल्याकडच्या सर्वांत कमजोर काडतुसावर करतात. माझ्या लेखी मोठ्या छिद्रावर जड बफर हा गळक्या छताखाली बादली ठेवण्यातला प्रकार आहे, पण नळी बदलण्यापेक्षा बादली स्वस्त पडते.

आपल्याकडे साध्या परवान्यावर अशी रायफल मिळत नाही, त्यामुळे ही निवड कुणाच्या वाट्याला येत नाही. मात्र भारतीय लष्कराने 2019 मध्ये करार करून घेतलेल्या 72,400 सिग 716 रायफली याच घराण्यातल्या. त्यांतही स्प्रिंग आणि बफर दस्त्याच्या नळीतच. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीची स्प्रिंग बोल्टच्या मागे, रायफलीच्या पेटीतच मावते, म्हणून तिला घडीचा दस्ताही बसवता आला. सिगचा दस्ता मागेपुढे सरकतो, घडी होत नाही.