३५ अंशांचे घर : नागपूरच्या उन्हात मधमाश्या सांभाळताना

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो आणि रस्ते ओस पडतात. त्याच वेळी अंगणातल्या कडूनिंबाच्या सावलीत ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेटीत, जिथे अंडी आणि अळ्या असतात त्या भागात, तापमान ३४ ते ३५ अंशांच्या आसपासच असते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांजवळ उतरतो, तेव्हाही त्या भागातला आकडा फारसा हलत नाही. हौसेने एक-दोन पेट्या ठेवू पाहणाऱ्याने मधाचा विचार करण्याआधी हा आकडा मनात पक्का करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पेटी कुठे ठेवायची, कधी उघडायची, केव्हा खाऊ घालायचे आणि मध किती काढायचा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी त्यातूनच निघतात.

या तापमानाला एवढे महत्त्व का, तर कोषातली माशी फार नाजूक असते. युरोपीय मधमाश्यांवर केलेल्या प्रयोगांत, कोष दोन-तीन अंश कमी तापमानात वाढवले, तेव्हा त्यांतून बाहेर पडलेल्या माश्या दिसायला ठीक होत्या, पण त्यांची स्मरणशक्ती कमी भरली. फुलांची दिशा आणि अंतर सांगणारे जे नृत्य कामकरी माश्या करतात, आणि ज्याचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते नृत्यही त्यांना नीट जमेना. उष्णता वाढून बराच काळ टिकली, तर अळ्या आणि कोष मरू लागतात.

विदर्भात आढळणाऱ्या मधमाश्यांपैकी पेटीत कोणती राहू शकते, हेही याच अंगाने समजते. उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांना लटकणारे आग्यामोहोळ म्हणजे उघड्यावरचे एकच मोठे पोळे असते. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर लहानसे एकच पोळे बांधते. या दोन्ही माश्या पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. बंदिस्त जागेतली हवा गरम वा थंड राखणे हा तिचा मूळ स्वभाव आहे. म्हणून पेटी तिला मानवते. वसाहत घेताना शक्यतो आपल्याच भागातली, हा उन्हाळा पाहिलेली घ्यावी, असे माझे मत आहे. थंड डोंगराळ प्रदेशातून थेट मार्च महिन्यात आणलेल्या वसाहतीकडून फार अपेक्षा करू नयेत. काम हातात घेण्यापूर्वी रीतसर प्रशिक्षण घेतलेले बरे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे.

माश्या पेटी थंड कशी ठेवतात, हे नागपूरकराला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण आपल्या घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तेच करतो. काही कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर त्याचे बारीक थेंब पसरतात आणि इतर माश्या पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते आणि आतली हवा थंड होते. युरोपीय माशी पेटीच्या दाराशी वारा घालताना डोके आत ठेवून आतली हवा बाहेर काढते, तर सातेरी डोके बाहेर ठेवून बाहेरची हवा आत लोटते. दारात ओळीने उभ्या राहून पंख चालवणाऱ्या या माश्या ज्याने एकदा नीट पाहिल्या, त्याला पेटी न उघडताही आतला ताण कळू लागतो. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर उकाडा वाढतो आणि हवेत ओल आल्यामुळे जसा आपला कूलर कुचकामी ठरतो, तशीच माश्यांचीही युक्ती तेव्हा कमी पडते. त्या दिवसांत पेटीला हवा खेळती राहील, एवढे पाहावे लागते.

म्हणून पाण्याची सोय हे उन्हाळ्यातले पहिले काम होय आणि ते फेब्रुवारीतच करावे. माशीला पाण्याची एक जागा माहीत झाली की ती सहसा तीच धरून ठेवते. पहिल्या वर्षी मी पाणी एप्रिलमध्ये ठेवले. तोवर माझ्या माश्यांनी शेजाऱ्यांच्या कूलरची टाकी निश्चित करून टाकली होती आणि पुढे महिनाभर त्यांची आणि माझी दोघांचीही अडचण झाली. मातीचे पसरट भांडे, त्यात खडे आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे माशीला बुडण्याची भीती न बाळगता बसता येईल, एवढी व्यवस्था पुरते. पाणी रोज बदलावे. पेटीचे दार पूर्वेकडे असावे, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे टळते. छपरावर गोणपाट ओले करून टाकावे, पण त्याने दार किंवा हवेची छिद्रे झाकली जाऊ नयेत. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्यांचाही बंदोबस्त होतो.

पेटी उघडणे म्हणजे हे सांभाळलेले तापमान मोडणे, ही जाणीव ठेवून उघडावी. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि थंडीत ऊन चढल्यावर, दहा-बारा मिनिटांत काम उरकावे. गोवरीचा तुकडा किंवा काथ्या जाळून थंड, पांढरा धूर द्यावा. डंख मारताना माशी धोक्याचा जो गंध सोडते, आणि जो पिकलेल्या केळ्यासारखा असतो, तो धुरामुळे इतर माश्यांना नीट कळत नाही. शिवाय धूर जाणवताच त्या पोटभर मध घेऊ लागतात आणि शांत होतात. डंख लागलाच तर नांगी नखाने खरवडून तत्काळ काढावी, कारण ती सुटल्यानंतरही काही काळ विष सोडत राहते. श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा घेरी येणे अशी लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पेटीतले पोळे ज्या लाकडी चौकटीत असते, ती चौकट नेहमी उभी धरावी. उन्हाळ्यात मेण मऊ झालेले असते, आणि मधाने जड झालेले पोळे आडवे धरताच तुटून पडते. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिले की पोळ्यातल्या घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक अशी अंडी दिसतात. पहिल्या दिवशी अंडे उभे असते, नंतर कलते आणि तिसऱ्या दिवशी जवळपास आडवे होते. त्यामुळे राणी नजरेस पडली नाही तरी उभी अंडी दिसणे पुरेसे असते. कालपरवापर्यंत ती होती, हे त्यावरून सिद्ध होते. ज्या पोळ्यांवर माश्या बसलेल्या नाहीत ती काढून घ्यावीत. तशा उघड्या पोळ्यांचे तापमान कोणी राखत नाही आणि पहाराही कोणी देत नाही, मग मेणकिड्याचा पतंग तिथे अंडी घालतो आणि जाळी पसरते.

मधाचा हंगाम इथे जानेवारी-फेब्रुवारीत, काटोल-नरखेड-कळमेश्वर पट्ट्यात संत्र्याचा आंबिया बहार फुलतो तेव्हा सुरू होतो. पुढे काटेसावर, जांभूळ, कडूनिंब, करंज असा क्रम लागतो. याच काळात चौकटीच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी राणीघरे, म्हणजे नव्या राणीसाठीची घरे, लोंबू लागली, तर वसाहत फुटण्याच्या बेतात आहे असे समजावे. मकरंदात निम्म्याहून अधिक पाणी असते. माश्या ते उडवून २० टक्क्यांच्या खाली आणतात आणि मगच घरांवर मेणाची झाकणे घालतात. बहुतेक घरे अशी झाकलेली असतील तीच चौकट मध काढण्याच्या यंत्रात घालावी, नाहीतर मध आंबतो. लगतच्या फळबागेत औषधाची फवारणी होणार असेल, तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करण्याची विनंती बागायतदाराला आधीच करावी. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पेटी रिकामी करू नये, कारण वारा घालण्याचे इंधनही मधच असते.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, फुले कमी होतात. तेव्हा साखर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडला, तर शेजारच्या वसाहती लुटालूट करतात. याच सुमाराला गांधीलमाश्या दाराशी घिरट्या घालू लागतात. जपानमधली सातेरीची जातभगिनी गांधीलमाशीला शेकडोंनी वेढून, थरथरून, सुमारे ४६ अंशांपर्यंत तापवून मारते. जे स्नायू थंडीत पिल्लांना ऊब देतात, तेच इथे शस्त्र होतात.

ऑक्टोबरात बोर आणि पुढे तूर फुलली की वसाहत पुन्हा वाढू लागते. तेव्हा नवी चौकट एकावेळी एकच, अंड्यांच्या चौकटींच्या शेजारी द्यावी आणि माश्यांनी ती पूर्ण झाकल्याशिवाय पुढची देऊ नये. डिसेंबरात रात्री गार झाल्या की रिकाम्या चौकटी परत काढून घ्याव्यात आणि पेटीची जागा माश्यांच्या संख्येपुरतीच ठेवावी.