सी९१९ची पार्श्वभूमी: इंजिन बाहेरचे, बाजार घरचा

२०२५च्या मे महिन्याअखेरीस अमेरिकेने कॉमॅक या चिनी विमान कंपनीला इंजिने पुरवण्याचे निर्यात परवाने रोखले. जुलैच्या सुरुवातीला ते पुन्हा खुले झाले. कॉमॅकच्या सी९१९ या प्रवासी विमानाला लागणारे लीप-१सी इंजिन सीएफएम बनवते, म्हणजे अमेरिकेची जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांची भागीदारी. या विमानावर बसेल असे दुसरे प्रमाणित इंजिन नाही. सीजे-१०००ए हे चिनी इंजिन तेव्हाही चाचण्यांतच होते. बोइंग-एअरबसला तिसरा स्पर्धक आला, या मथळ्यांच्या गर्दीत ही गोष्ट मागे पडते. खरे तर परक्या इंजिनावर विसंबण्याचे हे दुखणे पंचेचाळीस वर्षांचे आहे.

ऑगस्ट १९७० मध्ये शांघायला ‘७०८ प्रकल्प’ सुरू झाला आणि त्यातून युन-१० हे चार इंजिनांचे जेट तयार झाले. २६ सप्टेंबर १९८० रोजी ते पहिल्यांदा उडाले. ११० टन कमाल उड्डाणवजन, आणि तोंडावळा बोइंग ७०७चा. इंजिने प्रॅट अँड व्हिटनीची, चीनने विकत घेतलेल्या ७०७ विमानांसोबत आलेल्या सुट्या साठ्यातली. १९८४ मध्ये ते ल्हासाच्या उंच विमानतळावरही उतरले. पण विकत घेणारे कोणी नव्हते. परदेशी विमाने मिळू लागली होती, सरकारी पैसा आटला आणि सुमारे १३० उड्डाणांनंतर प्रकल्प गुंडाळला गेला. त्यातले एक विमान कॉमॅकच्या शांघायमधील आवारात आजही उभे आहे.

१९८५ मध्ये मॅकडोनेल डग्लस या अमेरिकी विमान कंपनीशी करार झाला. अमेरिकेतून सुटे भाग यायचे आणि शांघायला एमडी-८० मालिकेतल्या विमानांची जुळणी व्हायची. अशी ३५ विमाने बाहेर पडली. चिनी कामगार रिव्हेट मारण्यापासून दर्जा तपासणीच्या कागदपत्रांपर्यंत सगळे शिकले. पण दुसऱ्याच्या आराखड्यावर स्पॅनर फिरवून आराखडा काढता येत नाही. पुढे एमडी-९० चा बेत मोठा होता, प्रत्यक्षात दोनच विमाने बनली. १९९७ मध्ये बोइंगने मॅकडोनेल डग्लसच गिळंकृत केली होती. एअरबसबरोबरचा शंभर आसनी विमानाचा बेतही १९९८ मध्ये मोडला.

खरी शाळा होती एआरजे२१. २००२ मध्ये सुरू झालेले हे छोटे जेट २८ नोव्हेंबर २००८ रोजी उडाले आणि चीनच्या नियामकाचे टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाची रचना सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र, मिळायला २०१४चा डिसेंबर उजाडला. ही सहा वर्षे कशात गेली, हे पाहिल्याशिवाय सी९१९चा बाजार समजणार नाही.

उदाहरण भारचाचणीचे घ्या. विमानाला आयुष्यात सोसावा लागेल असा सर्वाधिक भार काढतात, त्याच्या दीडपट भार जॅक लावून सांगाड्यावर टाकतात आणि सांगाड्याने तो किमान तीन सेकंद न मोडता पेलावा लागतो. डिसेंबर २००९ मध्ये एआरजे२१च्या चाचणीत त्या दीडपट भाराच्या ८७ टक्क्यांवरच पोटाखालच्या मुख्य तुळईजवळची रचना वाकली. चाचणी थांबली, रचना बदलली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये ती पार पडली. दुसरी अडचण बर्फाची. पंखावर नैसर्गिक बर्फ साचलेला असताना विमान कसे वागते, हे खऱ्या ढगात जाऊनच दाखवावे लागते. त्यासाठी पाण्याच्या थेंबांचा आकार, तापमान आणि ढगातले पाण्याचे प्रमाण ही तिन्ही एकाच वेळी जुळून यावी लागतात. चीनच्या वायव्येकडील शिनज्यांगमध्ये काही हिवाळे गेले, योग येईना. शेवटी २०१४ मध्ये विमान कॅनडातल्या विंडसरला नेले आणि ग्रेट लेक्सवरच्या ढगांत चाचणी उरकली.

अमेरिकेचा एफएए हा नियामक चिनी नियामकाच्या शेजारी बसून ही प्रक्रिया न्याहाळत होता. पण त्याचे प्रमाणपत्र काही आले नाही. साहजिकच एआरजे२१ तिथेच विकले गेले जिथला नियामक चिनी शिक्का मानतो. पहिला परदेशी ग्राहक इंडोनेशियाची ट्रान्सनुसा, डिसेंबर २०२२ मध्ये. याच विमानाचे नाव आता सी९०९ आहे.

कॉमॅकची स्थापना मे २००८ची. सी९१९ नावातला ‘सी’ चीनचा आणि कॉमॅकचाही, शिवाय एअरबसचा ए, बोइंगचा बी, मग आमचा सी असा हिशेब. चिनी भाषेत ९चा उच्चार ‘चिरकाल’ या शब्दाशी जुळतो, तर १९ हे कमाल १९० आसनांचे. पहिले उड्डाण ५ मे २०१७, प्रमाणपत्र सप्टेंबर २०२२, चायना ईस्टर्नला पहिली सुपूर्ती ९ डिसेंबर २०२२, आणि २८ मे २०२३ रोजी शांघाय ते पेइचिंग ही पहिली व्यावसायिक फेरी. चायना ईस्टर्नच्या विमानात १६४ आसने आहेत. विमानाचा सांगाडा चिनी, पण लँडिंग गिअर आणि केबिनमधली हवा सांभाळणारी यंत्रणा जर्मनीच्या लीबहेरची, ब्रेक व सहायक पॉवर युनिट हनीवेलचे, इंधन आणि हायड्रॉलिक यंत्रणा पार्करची.

घरच्या मागणीची चिंता कॉमॅकला नाही. बोइंगच्याच २०२४च्या अंदाजानुसार २०४३ पर्यंत चीनला ८,८३० नवी विमाने लागतील. चायना ईस्टर्न, एअर चायना आणि चायना सदर्न या तिघी सरकारी कंपन्यांनी प्रत्येकी १०० सी९१९ मागवली आहेत. जाहीर किंमत सुमारे ९.९ कोटी डॉलर, अर्थात इतक्या मोठ्या ऑर्डरला त्या किमतीत कोणी घेत नाही. घोडे अडते ते बनवण्यात. २०२२ मध्ये एक विमान दिले, २०२३ मध्ये दोन, २०२४ मध्ये तेरा. त्याच २०२४ मध्ये एअरबसने ए३२० कुटुंबातली ६०२ विमाने दिली, आणि त्यातली काही तर चीनमधल्याच त्यानचिनच्या कारखान्यातली. कॉमॅकचे २०२५चे ७५चे लक्ष्य २५वर आणावे लागले. लाखो भागांपैकी एक जरी उशिरा आला, तरी पूर्ण विमान जुळणीच्या रांगेत खोळंबते, आणि इथे तर भाग अर्ध्या जगातून येतात.

पल्ल्याचेही तसेच. साध्या आवृत्तीचा ४,०७५ किलोमीटर, लांब पल्ल्याच्या आवृत्तीचा ५,५५५. शांघाय-उरुमची साधारण ३,३०० किलोमीटर, म्हणजे देशात काम भागते. त्याच वर्गातले एअरबसचे ए३२० निओ मात्र ६,३०० सांगते.

बाहेरच्या बाजारात गोष्ट आणखी बिकट. युरोपीय नियामक ईएएसएच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितले की सी९१९च्या प्रमाणपत्राला तीन ते सहा वर्षे लागतील. प्रमाणपत्र नसण्याचा फटका पैशाच्या व्यवहारात बसतो. जगातली निम्म्याच्या आसपास प्रवासी विमाने भाड्याची असतात. भाड्याने देणाऱ्याचा हिशेब असा की एक विमान कंपनी बुडाली तर तेच विमान उचलून दुसऱ्या देशातल्या कंपनीला देता यावे. चिनी शिक्क्याचे विमान मोजक्याच देशांत देता येते, त्यामुळे दहा वर्षांनंतरची त्याची किंमत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि कर्ज महागते. शिवाय विमान जमिनीवर अडकले की सुटा भाग एक-दोन दिवसांत हाती यावा लागतो. त्यासाठी त्या भागात गोदाम हवे, प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत, वैमानिकांसाठी सिम्युलेटर हवेत. चार-पाच विमानांच्या ताफ्यासाठी एवढा पसारा परवडत नाही, आणि पसारा नाही म्हणून मोठी ऑर्डर येत नाही.

म्हणून परदेशातले पाऊल धाकट्या भावंडाच्या आधाराने पडते आहे. एप्रिल २०२५ मध्ये व्हिएतनामच्या व्हिएतजेटने कोन दाओ बेटाच्या आखूड धावपट्टीसाठी दोन एआरजे२१ घेतली, तीही चीनच्या चंगतू एअरलाइन्सकडून, वैमानिक आणि देखभालीसकट भाड्याने.